सॉल्व्हेंटच्या शेडमधला काटा : ऑर्डर देण्याआधी

माझा भाचा बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल युनिटमध्ये नुकताच खरेदी विभागात लागला. परवा दांडिया बाजारातल्या घरी जेवायला आला आणि पहिला घास घेण्याआधीच म्हणाला, "मामा, तीनशे किलोचा फ्लेमप्रूफ काटा कुणाकडून घेऊ?" म्हटलं, कुणाकडून ते शेवटी. त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणासाठी वरण गार करायला नको.

कोटेशन मागवण्याआधी कारखान्याचं हझार्डस एरियाचं ड्रॉइंग काढ, म्हणजे आग-स्फोटाचा धोका कुठे किती त्याचा नकाशा. आयएस ५५७२ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात झोन आखलेले असतात. ज्वलनशील वाफ सतत किंवा बराच वेळ असते तो झोन ०, रोजच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १, आणि सहसा नसते, आली तरी थोडाच वेळ, तो झोन २. ड्रम भरताना ड्रमच्या आत ० आणि तोंडाभोवती १ असं साधारण धरतात, आणि काटा नेमका त्या तोंडाखाली असतो. ड्रॉइंग घेऊन त्या जागी स्वतः जाऊन उभा राहा. कागद जुना आणि मधल्या काळात कुणीतरी भिंत घातलेली, हे सर्रास दिसतं. प्लॅटफॉर्म जमिनीत खड्डा करून बसवायचं कुणाच्या मनात असेल तर तिथेच मोडता घाल. सॉल्व्हेंटच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या खड्ड्यात उतरून बसतात. वर झोन २ असला तरी खाली हिशेब बदलतो. रॅम्पवाला बसका प्लॅटफॉर्म बरा, ट्रॉलीने ड्रम चढतो.

मग तिथे काय काय तोलतात त्याची यादी कर. ही स्टोअरच्या रजिस्टरवरून करू नकोस, शिफ्टमधल्या ऑपरेटरला विचार. तो आधी टोल्युइन आणि अ‍ॅसिटोन सांगेल. चहा पाजून तिसऱ्यांदा विचारलंस की म्हणेल, "हां, दिवाळीनंतर चार ड्रम ईथर येतं." आणि तिथेच काटा बदलतो. टोल्युइन, अ‍ॅसिटोन वाफ किती सहज पेटते त्या हिशेबाने गट टू-ए, आणि उपकरण किती तापलेलं चालतं त्या हिशेबाने तापमान वर्ग टी१ मध्ये बसतात. ईथर त्याहून कडक, टू-बी आणि टी४, म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाता कामा नये. कार्बन डायसल्फाइड असेल तर टी६, ८५ अंश. यादीतल्या सगळ्यांत वाईट मालासाठी काटा घ्यायचा. पावडर तोलत असाल तर तिचे झोन २०, २१, २२ वेगळे आणि काट्याच्या पाटीवरची खूणही वेगळी. वाफेसाठी प्रमाणित काटा धुळीला आपोआप चालत नाही.

आता 'फ्लेमप्रूफ'. आपल्याकडे सगळ्यालाच फ्लेमप्रूफ म्हणतात. खरा फ्लेमप्रूफ म्हणजे जाड पेटी. आत भडका उडाला तरी बाहेरची वाफ पेटत नाही. काट्यांत बहुतेक वेळा मिळतो तो इंट्रिन्सिकली सेफ प्रकार, ज्यात विजेची ऊर्जाच इतकी कमी ठेवलेली असते की ठिणगी पडली तरी वाफ पेटू नये. दुकानदार इंडिकेटरचं, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्याचं, प्रमाणपत्र नाचवतो. तू लोडसेल (प्लॅटफॉर्मखालचा वजन ओळखणारा भाग), जंक्शन बॉक्स, पॉवर सप्लाय, प्रत्येकाचं माग, आणि नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि ज्वलनशील मालाची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मंजुरीही माग. प्रमाणपत्राच्या नंबराच्या शेवटी 'एक्स' हे अक्षर असेल तर वापराच्या खास अटी आहेत. त्या वाचल्याशिवाय सही नको.

पाटीवर आणखी एक गोष्ट असते, किंवा नसते, आणि बडोद्यात ती सगळ्यांत महत्त्वाची. सभोवतालचं तापमान लिहिलेलं नसेल तर उपकरण उणे २० ते अधिक ४० अंशांसाठीच प्रमाणित आहे असं समजायचं. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किती होतं ते दुपारी दोनला आत जाऊन बघ. म्हणजे महाग काटा घेऊनही ऐन उन्हाळ्यात प्रमाणपत्राच्या बाहेर. किमान ५० अंश लेखी घे. मी स्वतः हे दोन खरेद्यांनंतर शिकलो.

दिवसाला पाच-दहा ड्रम असतील तर बॅटरीवरचा घे, एक जादा बॅटरी ठेव, बदलणं आणि चार्जिंग दोन्ही सुरक्षित भागात. दिवसभर फिलिंग असेल तर सप्लाय बाहेरून आण. तिथे आत जाणारी वीज मर्यादेत ठेवायला झेनर बॅरियर की आयसोलेटर असा प्रश्न येईल. झेनरला एक ओहमच्या आतलं वेगळं अर्थिंग लागतं, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग बिघडतं. मी आयसोलेटरचे जास्तीचे पैसे देईन. प्रिंटर आणि कॉम्प्युटर भिंतीपलीकडे.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो, ४ अंश, म्हणजे जानेवारीतल्या पहाटेही त्याची वाफ पेटण्याजोगी असते. आणि कोरड्या हवेत स्थिर विजेचा जोर तेव्हाच. म्हणून काट्याबरोबरच ड्रमवरची ही वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा क्लॅम्प माग, रंग खरवडून आत घुसणाऱ्या टोकांचा. नुसत्या पकडीचा क्लॅम्प ड्रमच्या रंगावर बसतो आणि ऑपरेटरला वाटतं काम झालं. आधी क्लॅम्प, मग झाकण उघडायचं. इंडिकेटरचं प्लास्टिकचं तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, ओलं फडकं.

वजनाचं सोपं आहे. २०० लिटर टोल्युइन साधारण १७३ किलो, वर लोखंडी ड्रम. ३०० किलोचा, १०० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा काटा पुरतो. वजनावर माल विकत असाल तर २००९ च्या वैधमापन कायद्याखाली दरवर्षी शिक्का लागेल. तोलमापवाले लोखंडी वजनं घेऊन येतात; ठिणगीची भीती नको म्हणून त्या दिवशी काटा शेडबाहेर काढायचा.

दुरुस्तीला कोण येणार ते ऑर्डरमध्येच लिही. एका ठिकाणी उंदराने कुरतडलेली लोडसेलची केबल इलेक्ट्रिशियनने काळी टेप मारून जोडलेली मी पाहिली आहे. आकडा बरोबर दाखवत होता, म्हणून कुणाला कळलंच नाही.

आणि फोन, जो अशा शेडमध्ये न्यायचाच नसतो. हल्ली रीडिंग वहीत लिहीत नाहीत, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. काचेबाहेरून वाचता येईल असा दुसरा डिस्प्ले घेतला की कुणाला आत फोन न्यावा लागत नाही. आमच्याकडे दाराबाहेर सहा कप्प्यांची फळी ठोकली आहे. शिफ्टला माणसं सात, त्यामुळे रोज सकाळी तिथे थोडं भांडण होतं.