‘मोठा डास’ दिसला की होणाऱ्या चुका

पावसाळ्यात बाल्कनीच्या दिव्यावर लांब तंगड्यांचा किडा येऊन आपटतो आणि घरात ओरडा होतो, ‘केवढा मोठा डास!’ ही क्रेन माशी. डासाची लांबची नातेवाईक, पण ना चावते, ना डेंग्यू-मलेरिया पसरवते. रक्त ओढायची सोंडच तिला नाही. मादीच्या पोटाचं टोक अणकुचीदार असतं, ती नांगी नव्हे. ओल्या मातीत अंडी घालायला तिला ते लागतं. नराचं टोक बोथट असतं.

भिंतीवर बसलेली असताना जवळून बघा. पंखांच्या मागे गुंडी लावलेल्या काडीसारखे दोन अवयव नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते.

याच्या उलट चूक म्हणजे ‘डास खाते’ म्हणून तिला घरात ठेवणं. ‘मॉस्किटो हॉक’, ‘स्कीटर ईटर’ या अमेरिकी नावांनी हा गैरसमज पसरवला आहे. प्रौढ माशी डास खात नाही. अनेक जाती जवळपास काहीच खात नाहीत आणि फार तर आठवडा-दोन आठवडे जगतात. ‘डॅडी लाँगलेग्ज’ नावाने माहिती शोधाल तर आणखी फसाल, कारण ते नाव ब्रिटनमध्ये या माशीला आणि इतरत्र कोळ्याला आहे. कोळ्याविषयीच्या विषाच्या अफवा मग हिच्या माथी बसतात.

हाताने पकडू नका. पाय लगेच तुटून हातात येतात. वर ग्लास ठेवा, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडा. नाहीतर खोलीतला दिवा बंद करून बाहेरचा लावा, खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकघरात स्प्रे मारणं तर निव्वळ वेडेपणा: माशी तशीही मरणार, औषध मात्र ओट्यावर बसणार.

खरी गफलत बागेत होते. लॉन पिवळं पडलं, माती उकरली, अळी दिसली की लगेच ‘हुमणी’ (भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी) म्हणून औषध ओततात. आधी अळी तळहातावर घ्या. हुमणी पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, पुढे पायांच्या तीन जोड्या. क्रेन माशीची अळी मातकट, चिवट कातडीची, बिनपायाची. डोकं आत ओढलेलं, मागच्या टोकाला मांसल बोटं आणि दोन काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे श्वासाची छिद्रं, लोक त्यांनाच डोळे समजतात.

खात्री करायची तर संध्याकाळी लॉनचा मीटरभर तुकडा पाण्याने तुडुंब भिजवा, वर ओलं गोणपाट अंथरा आणि सकाळी उचला. क्रेन माशीच्या अळ्या वर आलेल्या दिसतात. हुमणीसाठी एक फूट लांब-रुंद चौकोन चार इंच खोल खणून बघावं लागतं. कुजक्या पाल्यात किंवा कंपोस्टमध्ये सापडलेल्या अळ्यांना हात लावू नका, त्या तिथे खत करतात. लॉनची मुळं कुरतडणाऱ्या जाती मोजक्याच, पण त्यांचा उपद्रव थट्टेचा नाही: 1935 साली त्यांनी लॉर्ड्सचं मैदान खराब केलं होतं.

उपाय पाण्यात आहे. नाशिकची काळी माती ओल धरून ठेवते, त्यात रोज संध्याकाळी पाइप सोडला की अंडी-अळ्यांना हवं ते मिळतं. पाणी सकाळी द्या, वरची इंचभर माती सुकल्यावरच द्या. पाणी साचत असेल तर लॉन टोचून भोकांत वाळू भरा. गवत दीड इंचापेक्षा खाली कापू नका.

आणि डेंग्यूची भीती असेल तर माशीमागे धावण्यापेक्षा कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिस डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून ब्रशने घासा.