नळपाण्याच्या तक्रारींवरून योजना कशी सुधारावी

गावच्या नळपाणी योजनेबद्दल पारावर रोज बोलले जाते, पण ते बोलणे ग्रामपंचायतीच्या दप्तरात उतरत नाही. ते उतरवण्यासाठी तक्रार नोंदवहीत पाच रकाने आखावेत: तारीख, आळी किंवा वाडी, नेमकी अडचण, पाहणीत आढळलेले कारण आणि तक्रारदाराला काय कळवले. माझ्या मते वहीचा जीव शेवटच्या रकान्यात आहे, कारण आपल्या सांगण्याचे पुढे काय झाले हे ज्याला कळत नाही, तो पुन्हा सांगायला येत नाही.

‘पाणी येत नाही’ एवढ्या नोंदीवरून काहीच करता येत नाही. कोणत्या वारी, किती वाजता, किती हंडे भरले, शेजारच्या आळीला पाणी होते का, हे विचारून लिहावे. सातारा जिल्ह्यात पाटण-जावळीकडच्या उतारावरील वाड्यांत खालच्या घरांना भरपूर पाणी आणि वरच्या घरांना करंगळीएवढी धार, असे होऊ शकते. महिन्याच्या नोंदी वाडीवार मांडल्या, तर अडचण पाण्याच्या तुटवड्याची आहे की व्हॉल्व्ह सोडण्याच्या वेळांची, हे कळू लागते, आणि नव्या मोटारीचा खर्च मंजूर करण्याआधी वरच्या वस्तीला स्वतंत्र वेळ देऊन पाहता येते. माण-खटावकडे उन्हाळ्यात विहीरच आटली असेल, तर प्रश्न वाटपाचा होतो आणि पाळ्या ठरवताना टँकरवर अवलंबून असलेल्या वस्त्यांचे म्हणणे आधी ऐकावे लागते. पाण्याच्या शुद्धतेबद्दल शंका आली, तर शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरले आहे ते दाखवणारी तपासणी, करावी. तिथे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे.

पाणी भरतात बहुतेक बायका, पण भर सभेत बोलतात पुरुष. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिचे इतिवृत्त नुसत्या सह्यांपुरते न ठेवता त्यातील तक्रारी त्याच वहीत चढवाव्यात. याशिवाय पाणी सुटण्याच्या वेळी एखाद्या सदस्याने नळावर जाऊन विचारावे, कारण वृद्ध आणि मजुरीवर जाणारी माणसे कचेरीत येत नाहीत.

काय केले ते फलकावर आणि पुढच्या ग्रामसभेत सांगावे. जे करता आले नाही, तेही कारणासह सांगावे. काम पंचायत समितीच्या अखत्यारीतले असेल, तर पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक द्यावा. दुरुस्तीनंतर महिनाभराने त्याच आळीत त्याच वेळी जाऊन हंडा किती वेळात भरतो ते पाहावे, आणि मगच नोंदीपुढे ‘निकाली’ असे लिहावे.