स्टेशनवरच्या सेवेत या चुका टाळा

नाताळच्या आठवड्यात स्टेशनबाहेर झोपणाऱ्या माणसाकडे एका रात्रीत तीन-तीन ब्लँकेटं जमतात. एका चर्चची मंडळी येऊन जाते, मागोमाग दुसऱ्या चर्चची, मग चर्चचा तरुण संघ. जानेवारीत परभणी-जालन्याकडची थंडी हाडात शिरते तेव्हा मात्र कुणी फिरकत नाही. तीन ब्लँकेटं तो ठेवणार कुठे? दोन विकतो, आणि आपण म्हणतो, "बघा, दारूत घातली." शहरातल्या मंडळ्यांनी नोव्हेंबरातच एकत्र बसून वार वाटून घ्यावेत. जागा, वेळ आणि चेहरे दर आठवड्याला तेच असले की माणूस हळूहळू बोलू लागतो. एका रात्रीच्या भल्यामोठ्या कार्यक्रमातून तेवढं होत नाही.

समोर कोण आहे ते न पाहता वाटप

फुटपाथवर झोपलेला प्रत्येक जण बेघर नसतो. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोड कुटुंबं बिऱ्हाडासकट वाटेत थांबलेली असतात. त्यांच्यापुढे खिचडीचं पाकीट धरलं तर त्यांना अपमान वाटतो, आणि तो वाजवी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाबाहेर रात्र काढणारे बहुतेक गावाकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. कुठला कागद कुठल्या खिडकीत द्यायचा हे कुणी सांगितलं तर त्यांना जेवणाहून जास्त हायसं वाटतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणीही पोटभर जेवू शकतं, तिथे आणखी एक पातेलं नेऊन काय साधणार? त्यापेक्षा नेलकटर, पट्टीचं सामान, चपला आणि घरी एक फोन लावून देण्याची तयारी न्या.

जेवण न्यायचंच असेल तर मऊ न्या. अनेकांना दात नसतात, कडक भाकरी तशीच पडून राहते.

"आधी प्रार्थना, मग पाकीट"

ही अट बोलून दाखवली नाही तरी रांगेतल्या माणसाला कळते. बायबलमधल्या मत्तयाच्या 25व्या अध्यायात भुकेल्याला वाढण्याआधी कुणी त्याचा विश्वास विचारलेला नाही. उलट टोकाची चूकही दिसते: आपण चर्चमधून आलोय हेच लपवायचं. त्याने संशय वाढतो. "तुम्ही कोण?" असं विचारलं तर सरळ सांगा. त्याने स्वतःहून मागितली तर शेजारी बसून हळू आवाजात प्रार्थना करा, विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. स्टेशनच्या आवारात वाटप करायचं तर रेल्वेची परवानगी आधी घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात मंडळीच्या लेटरहेडवर एक पत्र देऊन ठेवा. निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

फोटो काढू नका. देणगीदारांना हिशेब दाखवा, कुणाचा चेहरा नको.

धरून अंघोळ, धरून केस

मनोरुग्ण दिसला की चार जण धरून त्याचे केस कापतात, पाचवा व्हिडिओ काढतो. तो घाबरून दुसऱ्या दिवशी जागा सोडतो आणि पुन्हा सापडत नाही. यासाठी कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 नुसार अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं हे पोलिसांचं काम आहे. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. 112 वर फोन करा, ठाण्यात गेलात तर कलमाचा आकडा शांतपणे सांगा, आणि तपासणी होईपर्यंत सोबत राहा.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालयं आपल्या मराठवाड्यापासून लांब. म्हणून "तिकडे पाठवा" असा आग्रह धरू नका. भाषेकडेही लक्ष द्या. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून भरकटत आलेला माणूस बोलत नाही म्हणजे त्याला बोलता येत नाही असं नाही, कदाचित तो तेलुगू बोलत असेल. मंडळीत तेलुगू जाणणारं एखादं घर बहुधा सापडतं.

दारू सोडण्याची शपथ

रात्री प्रार्थनेत शपथ घ्यायला लावायची आणि घरी निघून जायचं, ही सगळ्यात धोकादायक चूक. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं सुरू होऊ शकतं, यात जीवही जातो. सोडायची म्हणाला तर आधी डॉक्टरकडे न्या. फिट आली तर 108.

"निवारा केंद्रात का जात नाहीस?"

महापालिकेचं निवारा केंद्र असूनही माणूस जात नाही तेव्हा त्याला आळशी ठरवू नका. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, हातगाडी बाहेर राहिली तर चोरीला जाते, पिऊन आलेल्याला दारातून परत पाठवतात. आधी तुम्ही स्वतः केंद्र पाहून या, मग त्याला एकदा सोबत न्या. तिथे जाण्याचा आणखी एक उपयोग आहे: आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचा दाखला चालतो.

एकटं मूल दिसलं तर घरी नेऊ नका, मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर कळवा. एकट्या बाईशी गटातल्या बायकांनीच बोलावं.