परदेशात जाताना थेरपिस्टने आपली पात्रता सोबत कशी न्यावी

"मॅडम, एक एक्स्पीरियन्स लेटर हवं होतं. पुढच्या गुरुवारी फ्लाइट आहे."

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. मी मुंबईत समुपदेशकांना सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांच्या क्लायंटसोबतच्या कामावर देखरेख ठेवते आणि मार्गदर्शन करते. माझ्याकडे शिकून गेलेल्यांपैकी कुणी लग्न होऊन टोरांटोला जातं, कुणाच्या नवऱ्याची बदली दुबईला होते, कुणाला लंडनमध्ये पुढे शिकायचं असतं. पत्र मी देतेच. पण आठवड्याभरात उरकणारं हे काम नाही, आणि हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याला वाटतं, एम.ए.चं सर्टिफिकेट बॅगेत टाकलं की झालं. पदवी अशी अख्खी कुठेच जात नाही. तिथली नियामक संस्था ती सुटी करून मोजते: कोणते विषय शिकलात, किती तास, क्लायंटसमोर प्रत्यक्ष किती वेळ बसलात, सुपरव्हिजन कुणी दिलं आणि किती. या प्रत्येक गोष्टीचा पुरावा मुंबईत आहे आणि तो मुंबईत असतानाच गोळा होतो. हाताशी किमान सहा-आठ महिने ठेवा.

पहिली पायरी: तिथे तुम्हाला काय म्हणणार, ते शोधा

देश ठरला की आधी पदनाम पाहा. आपल्याकडे सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तिकडे यातला एखादा शब्द कायद्याने राखीव असतो आणि नोंदणीशिवाय तो लावणं गुन्हा ठरतो. कोणता शब्द राखीव, हे देशागणिक बदलतं.

ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' ही नावं हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या, म्हणजे एचसीपीसीच्या ताब्यात आहेत. 'काउन्सेलर' आणि 'सायकोथेरपिस्ट' मात्र तिथे कायद्याने राखीव नाहीत. त्या कामासाठी लोक बीएसीपी किंवा यूकेसीपी या व्यावसायिक संघटनांचं सदस्यत्व घेतात आणि नोकरी देणारे तेच विचारतात. त्यामुळे एम.ए. काउन्सेलिंग केलेल्या मुलीने एचसीपीसीच्या अर्जात वर्ष घालवण्याआधी बीएसीपीचे नियम वाचावेत. तिचा रस्ता बहुधा तोच असतो.

कॅनडात सगळं प्रांतावर असतं. ओंटारिओमध्ये सायकोथेरपी हा २०१५ पासून नोंदणीकृत व्यवसाय आहे आणि त्याची संस्था सीआरपीओ. तिथे 'सायकोथेरपिस्ट' हा शब्द राखीव आहे, म्हणजे ब्रिटनच्या बरोबर उलट. अमेरिकेत परवाना राज्य देतं. सायकॉलॉजिस्ट व्हायला बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट आणि ईपीपीपी नावाची परीक्षा लागते. काउन्सेलरच्या परवान्याला बऱ्याच राज्यांत ६० सेमिस्टर क्रेडिटची मास्टर्स लागते आणि त्यानंतर देखरेखीखालचे तास. कॅलिफोर्नियात ते ३,००० आहेत. आपली दोन वर्षांची एम.ए. या ६० क्रेडिटमध्ये बसेलच असं नाही, काही विषय तिथे जाऊन पुरे करावे लागू शकतात. ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्टसाठी सहा वर्षांचा क्रम धरतात. आपलं बी.ए.चं तीन आणि एम.ए.चं दोन मिळून पाचच होतात, हे जाण्याआधी कळलेलं बरं. तिथे व्हिसासाठीची तपासणी ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी करते आणि नोंदणी सायकॉलॉजी बोर्ड देतं. ही दोन वेगळी कामं आहेत. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही. दुबईत आरोग्यसेवेतल्या सायकॉलॉजिस्टला दुबई हेल्थ अथॉरिटीचा परवाना लागतो आणि त्याआधी डेटाफ्लो ही कंपनी तुमची प्रत्येक पदवी थेट विद्यापीठाला विचारून पडताळते.

दुसरी पायरी: इथली आपली ओळख कागदावर आणा

प्रत्येक अर्जात विचारतात: तुमच्या देशात तुम्ही कुठे नोंदणीकृत आहात? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर उत्तर सोपं आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा सीआरआर (सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टर) नंबर द्या, नूतनीकरण झालंय ना ते बघा, आणि दिल्लीहून 'गुड स्टँडिंग' सर्टिफिकेट मागवा. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, एवढंच त्यात असतं, पण त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. ते ठरावीक मुदतीतलं असावं लागतं, म्हणून वर्षभर आधी काढून ठेवू नका.

एम.फिल.वाल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. ब्रिटनमध्ये एम.फिल. म्हटलं की संशोधनाची पदवी असा अर्थ होतो. आपलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ वॉर्डात आणि ओपीडीत केलेलं प्रशिक्षण. नुसतं नाव वाचून तपासणारा चुकीच्या कप्प्यात टाकू शकतो. अभ्यासक्रमासोबत संस्थेच्या लेटरहेडवर हा खुलासा जोडा.

एम.ए. काउन्सेलिंगवाल्यांची अडचण वेगळी आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आपण बसत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात बिहेवियरल हेल्थचा गट आला, म्हणून तुमच्या पदवीला त्या नोंदणीत जागा आहे का ते आधी पाहून घ्या. नसेल तर रकाना मोकळा सोडू नका. भारतात या कामाला आजवर वैधानिक परवाना लागत नव्हता, असं एका परिच्छेदाचं निवेदन जोडा. रिकामा रकाना पाहून त्यांना वाटतं की काहीतरी लपवलंय.

तिसरी पायरी: कलिना

मुंबई विद्यापीठाची पदवी असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, कलिना कॅम्पस ठरलेलाच. एसएनडीटी किंवा टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) असेल तर त्यांच्या परीक्षा विभागाकडे. वेससारख्या (WES) परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला तुमच्या हातचा कागद चालत नाही, तो थेट विद्यापीठाकडून जावा लागतो. म्हणून आधी त्या संस्थेकडे खातं उघडून रेफरन्स नंबर घ्या आणि मगच ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करा. अर्जावर तो नंबर नसेल तर लिफाफा परदेशात पोचूनही कुणाच्या फाईलला लागत नाही. अर्जाची पोचपावती आणि ज्या ईमेलवर पडताळणी चालते तो पत्ता, दोन्ही लिहून ठेवा. पुढे डेटाफ्लोने विचारलं आणि विद्यापीठाकडून उत्तर गेलं नाही, तर पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे, तोही दुबईत बसून.

ट्रान्सक्रिप्टवर विषयांची नावं आणि मार्क असतात. नियामक संस्थेला त्या नावाखाली काय शिकवलं ते हवं असतं. म्हणजे पूर्ण सिलॅबस, तुमच्याच वर्षाचा, तासांसकट. माझ्या एका विद्यार्थिनीने जुना सिलॅबस शोधायला कॉलेजात चार खेपा घातल्या. नवा अभ्यासक्रम आला आणि जुना वेबसाइटवरून उतरला होता. शेवटी लायब्ररीतल्या मावशींनी कपाटावरच्या एका बांधणीतून तो काढून दिला, पिवळी पडलेली पानं, स्टेपलच्या जागी गंज. विभागप्रमुखांनी एकेका पानावर गोल शिक्का मारून सही केली. एकतीस पानं. त्या पानांमुळे तिचे दोन विषय मान्य झाले. तुम्ही आता शिकत असाल तर या वर्षीचा सिलॅबस आजच उतरवून ठेवा.

चौथी पायरी: तास

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते नंतर भरून काढता येत नाही.

ओंटारिओचं उदाहरण घ्या. तिथे पूर्ण नोंदणीसाठी ४५० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे आणि १०० तास क्लिनिकल सुपरव्हिजनचे लागतात. स्वतंत्र प्रॅक्टिससाठी १,००० आणि १५०. नोट्स लिहिल्या, फोन करून अपॉइंटमेंट दिली, वर्कशॉपला बसलात, यातलं काहीही क्लायंटच्या तासांत धरत नाहीत. "पाच वर्षं काम केलं" या वाक्याला तिथे काही वजन नाही.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं दादरच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये बसत होते. सकाळी नऊ ते एक, पाठोपाठ क्लायंट. तासांची नोंद कुणीच ठेवत नव्हतं, मीही ठेवली नाही. क्लिनिक बंद झालं, डॉक्टर गावी गेले, आणि ती दोन वर्षं कागदावर कुठेच उरली नाहीत. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी वही घालायला लावते.

वहीत रकाने एवढेच: तारीख, क्लायंटचा कोड, वैयक्तिक की जोडपं की गट, किती मिनिटं, कोणती पद्धत वापरली. क्लायंटचं नाव किंवा आद्याक्षरं लिहायची नाहीत. ही वही उद्या परक्या देशातल्या ऑफिसात जाणार आहे. सुपरव्हिजनचं पान वेगळं, त्यात एकट्याने घेतलेलं आणि गटातलं निरनिराळं लिहायचं. महिना संपला की खाली बेरीज आणि सुपरवायझरची सही. एक्सेल चालेल, पण सही केलेली प्रिंट ठेवा.

पत्राचंही तसंच. "She was sincere and hardworking" छापाचं पत्र इंग्रजीत कितीही गोड वाटलं तरी उपयोगाचं नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि मीही पूर्वी तशीच पत्रं दिली आहेत. आता माझ्या पत्रात असतं ते असं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्याला सरासरी आठ क्लायंट, वैयक्तिक ४१२ तास, गटाचे ३८, माझ्यासोबत समोरासमोर सुपरव्हिजन ९६ तास, क्लायंटचा वयोगट, कोणत्या तक्रारी, कोणती थेरपी. खाली माझी पदवी, नोंदणी, किती वर्षांचा अनुभव, संस्थेचा ईमेल. सुपरवायझर स्वतः पात्र आहे का, हेही ते तपासतात, म्हणून सरांकडून किंवा मॅडमकडून त्यांचा बायोडेटाही आत्ताच मागून घ्या. निवृत्त होणाऱ्या किंवा संस्था बदलणाऱ्या सुपरवायझरचं पत्र सर्वात आधी घ्या.

पाचवी पायरी: नाव आणि शिक्के

आपल्या मुलींची नावं कागदोकागदी वेगळी असतात. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव, आणि त्या सगळ्याच्या आधी मुलीसाठीची ती तिरपी रेघ. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. तिकडच्या क्लार्कला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला, नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत, आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही प्रत्येक अर्जाला जोडा.

शिक्क्यांचं ठरवण्याआधी देश पाहा. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून या करारात आहे, त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि २०२४ पासून कॅनडा इथे परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. अमिरातीसाठी राज्याचं, मग मंत्रालयाचं, मग त्यांच्या दूतावासाचं अटेस्टेशन अशी साखळी आहे. एजंटकडे मूळ पदवी देताना पावती घ्या आणि दोन्ही बाजूंचं स्कॅन आधी करून ठेवा. नियामक संस्थेने मागितलं नसेल तर अपोस्टिलवर पैसे घालवू नका.

सहावी पायरी: अर्ज, आणि मधला काळ

इंग्रजीची परीक्षा गृहीत धरा. एचसीपीसीला आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको. गुणपत्रिकेची मुदत दोन वर्षं असते, म्हणून कागद तयार होत आले की मगच परीक्षा द्या.

उत्तर "अंशतः मान्य" असं येऊ शकतं. ते नकार समजून मुली रडतात, आणि मला त्यांना फोनवर समजवावं लागतं. त्यात कोणता विषय किंवा किती तास कमी आहेत ते लिहिलेलं असतं. त्यातलं काही पुराव्याने भरता येतं, काही तिथे देखरेखीखाली काम करून. तोवर सपोर्ट वर्कर, केस वर्कर, हेल्पलाइन, शाळेतली मदतनीस अशी कामं शोधा. तिथली पद्धत कळते आणि तिथला सुपरवायझर मिळतो. मात्र इन्स्टाग्रामच्या बायोमधलं 'सायकॉलॉजिस्ट' विमानात बसण्याआधी काढा. ऑस्ट्रेलिया आणि ओंटारिओत तो शब्द राखीव आहे, आणि बायो हीही जाहिरातच धरली जाते.

मराठी ही तिकडे मोठी जमेची बाजू आहे. सासूबद्दलचा राग किंवा बाळंतपणानंतरचं रडू इंग्रजीत सांगताना कित्येकींची जीभ अडते. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जी आरतीला शेजारी उभी असते तीच बुधवारी समोर क्लायंट म्हणून बसते. या दुहेरी नात्याचं काय करायचं, ते पहिल्याच सेशनमध्ये बोलून घ्या.

सातवी पायरी: मुंबईतले क्लायंट

"मी ऑनलाइन चालू ठेवेन" हे लगेच कबूल करू नका. क्लायंट मुंबईत आणि तुम्ही टोरांटोत, म्हणजे दोन्हीकडचे नियम लागू शकतात. तिथल्या संस्थेला लेखी विचारा, तुमचा व्यावसायिक विमा देशाबाहेरून घेतलेल्या सेशनला लागू आहे का ते बघा, आणि व्हिसा अशा कामाला परवानगी देतो का तेही.

उत्तर नकारार्थी असेल तर निदान दोन महिने आधी सांगा. ज्या क्लायंटला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याला आणखी वेळ द्या. दुसऱ्या थेरपिस्टचं नाव सुचवा, क्लायंट हो म्हणाला तरच त्याची माहिती पुढे पाठवा, आणि जमल्यास एक सेशन तिघांचं करा. क्लायंटने स्वतःच्या नोंदी मागितल्या तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला तो हक्क दिला आहे. फाईली कुठे आणि कुणाच्या कुलपात राहणार, हे लिहून एक प्रत क्लिनिकमध्ये ठेवा आणि एक स्वतःजवळ. शेवटच्या आठवड्यात नवा क्लायंट घेऊ नका.