लाल दिवा लुकलुकणारा एनईएस

पुढून कार्ट्रिज (गेमची कॅसेट) घालायच्या एनईएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचा, लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला, म्हणजे मशीन मेलं असं नाही. कार्ट्रिजमधल्या चिपशी संपर्क जुळत नाही, म्हणून आतली लॉकआउट चिप (कार्ट्रिज अस्सल आहे का ते तपासणारी) सारखी रीसेट मारते.

आधी इअरबडवर ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्या पुसा. कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. फुंकर नको, ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

तरी तेच? खालचे ६ स्क्रू काढून आतला ७२ पिनांचा कनेक्टर सोडवा, पाण्यात ५-१० मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा. पिना वाकवायच्या भानगडीत पडू नका.

दिवा लागतच नाही? अ‍ॅडॉप्टर तपासा, पण मल्टिमीटर एसीवर ठेवून! मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसीचा. डीसीवर शून्यच दिसेल.