मातीचा फिशटँक: आधी बादली, मग टँक

तळाशी मातीचा थर घालून त्यात झाडं वाढवायचा फिशटँक करायचाय? टँक विकत घ्यायला निघाला असाल तर थांबा, आधी माती भिजत घाला. मागच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. नर्सरीतून मातीची पिशवी आणली, तशीच टँकमध्ये ओतली, वर ग्रॅव्हल (बारीक खडे) पसरलं. दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं आणि कोकोपीट वर तरंगतंय. तरी चौथ्या दिवशी सहा गप्पी मासे सोडले. संध्याकाळी ते पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते, सकाळी एकही उरला नव्हता. नंतर विचारल्यावर कळलं, त्या मातीत शेणखत होतं आणि वर निंबोळी पेंड. शेणखतातून अमोनिया सुटतो आणि कडुनिंब माशांना विषारीच.

म्हणून माती मागताना 'खत न घातलेली साधी लाल माती' असं स्पष्ट सांगा. 'मिक्स' म्हणाले की पुढच्या नर्सरीत जा. पेंड धुऊन जाईल या भरवशावर राहू नका. काळी माती नको, चिकट असते, फुगते. दोन फूट बाय एक फूट तळाला एक इंच थर म्हणजे जेमतेम पाच लिटर, पाव बादली. पोतं आणायची गरज नाही.

आता भिजवणं. माती बादलीत, वर भरपूर पाणी, हात घालून ढवळा. काड्या, मुळं, जे तरंगेल ते जुन्या चहाच्या गाळणीने काढा. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी कुंड्यांना घाला, नवं भरा. असं पाच-सहा दिवस. मग गच्चीत कागदावर पसरून कडकडीत वाळवा, चाळा (स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेऊ नका, मी घेतली होती, तो विषय घरात अजून निघतो), आणि पुन्हा भिजवा. दोन फेऱ्या तरी हव्यातच. ओली माती नाकाशी धरून बघा: पहिल्या पावसाचा वास आला तर ठीक, गोठ्याचा आला तर अजून एक फेरी. कंटाळा येतो, मान्य. तरीही भिजवा.

ती वाळतेय तोवर बाकीचं. टँक जुना घेतला तरी चालतो, मला दोन फुटी ८०० रुपयांत मिळाला. बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरा, एक दिवस ठेवा. कागद ओला दिसला तर परत करा. भरल्यावर सत्तरेक किलो होतो, तेव्हा डुगडुगतं टेबल नको. खाली थर्माकोल. खिडकीतलं थेट ऊन नको, शेवाळ येतं.

ग्रॅव्हल दोन-तीन मिलिमीटरचं, दहाएक किलो, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेलं. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाणी जड होतं. शंका असेल तर लिंबू पिळा, फसफसलं की बाद.

माती एक इंच, त्याहून जास्त नाही. जाड थरात खाली हवा पोचत नाही, सडक्या अंड्याचा वास येतो. पुढच्या काचेपासून बोटभर जागा सोडा. वर ग्रॅव्हल सव्वा इंच. पाणी थेट नको, ताटलीवर ओता, हळू. आणि माती भिजवलीय ना? नसेल तर ताटली कितीही जपून धरा, गढूळ होणारच.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर, निम्मा तळ झाकेल इतकी. इथे काटकसर केलीत की शेवाळ जिंकतं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवॉर्ट स्वस्त आहेत आणि भराभर वाढतात. कोणाच्या टँकची छाटणी मिळाली तर फुकटच. वर थोडं पिस्टिया तरंगू द्या.

लाइट साधा पांढरा एलईडी, सहा-सात तास. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नको, खत नको. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून पाणी भरण्याआधी दिवसभर उघडं ठेवा. पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी निम्मं पाणी बदला. मातीतून बुडबुडे आले तर काडीने हलकेच टोचा.

मासे चार आठवड्यांनी, तेही अमोनिया टेस्ट शून्य आल्यावरच. किट महाग वाटलं तर दुकानात पाण्याची बाटली घेऊन जा, बरेच जण तपासून देतात. गप्पी चारच आणा.