बीपी घरी मोजताय? मग या चुका टाळा

परवा आईचं बीपी १६४/९६ आलं आणि घरात नुसती पळापळ. बाबा चपला घालून तयार, चल डॉक्टरकडे. मग लक्षात आलं की आई तीन मजले चढून भाजी घेऊन आली होती, पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसली होती, हात मांडीवर, आणि मशीन घरघरत असताना कोथिंबिरीचा भाव सांगत होती. दहा मिनिटं खुर्चीत गप्प बसवलं, परत घेतलं, १३८/८४.

म्हणजे मशीन ठीकच होतं. सगळ्यात जास्त घोळ हाताचा होतो, पट्टा हृदयाच्या लेव्हलला हवा, हात टेबलावर टेकवून, खाली उशी घ्या हवं तर, कारण हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा ७-८ ने वाढून येतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नको. बोलायचं नाही, आणि हो, आधी बाथरूमला जाऊन या. चहा-कॉफी, तंबाखू, सिगारेट अर्धा तास आधीपासून बंद.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. बाही वर सरकवून ती करकचून बसत असेल तर सरळ हात बाहेर काढा. पट्ट्याचा साइज कोणीच बघत नाही! सोबत येतो तो बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, दंड त्याहून जाड असेल तर आकडा उगाच जास्त दिसतो, मोठा पट्टा वेगळा मागवा.

एकदाच मोजून गोळी वाढवायची किंवा बंद करायची नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरना दाखवा. पण १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं असलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि मशीनच्या मेमरीवर डोळे झाकून विसंबू नका. आमच्या डॉक्टरांनी आईचे आकडे बघितले, त्यातले निम्मे बाबांचे निघाले, यूजर बदलायचं बटण कोणी दाबलंच नव्हतं. आता कॅलेंडरवर पेनाने लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी.